अक्षरशाळा

साताऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाची कामे ठरलेली असतात. विद्यापीठात एखादी सभा, मंत्रालयात अडकलेला एखादा कागद, नाहीतर नात्यातले लग्न. कामे उरकली की उरलेल्या दुपारी तो चौपाटीवर जाऊन बसतो, किंवा घरच्या मंडळींनी दिलेली यादी घेऊन बाजारात हिंडतो. मी मात्र गेली काही वर्षे अशा उरलेल्या दुपारी काळबादेवीला जातो. तेथे माझे कोणी नातेवाईक नाहीत. कापड घ्यायचे नसते, आणि सोन्याची गोष्ट तर मराठीच्या प्राध्यापकाने बोलूच नये. मी जातो तो एका गल्लीसाठी. तिचे नाव कोलभाट गल्ली.

आता या गल्लीत पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल, तर खरे उत्तर 'काही नाही' असेच आहे. हातगाड्या आहेत, कापडाचे गठ्ठे आहेत, डोक्यावर ओझे घेऊन 'बाजू, बाजू' असे ओरडत धावणारे हमाल आहेत. २०२५ साली जमिनीखालून काळबादेवीला मेट्रो आली, तरी जमिनीवरची ही धावपळ तसूभरही कमी झालेली नाही. पण ज्याने जुन्या संस्कृत पोथ्या आणि काव्यनाटके ग्रंथालयाच्या कपाटातून उतरवून वाचली आहेत, त्याने त्यांच्या मुखपृष्ठावर खाली बारीक अक्षरांत छापलेला पत्ता कधी ना कधी वाचलेलाच असतो: निर्णयसागर छापखाना, कोलभाट गल्ली, मुंबई. छापखाना आता तेथे चालत नाही. तरी काशीला जाऊन आलेला माणूस जसा उगाचच शहाणा झाल्यासारखा वाटतो, तसा मी त्या गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटे उभा राहून परततो.

जावजी दादाजींची गोष्ट आमच्या पिढीपर्यंत पुष्कळांना ठाऊक होती. आता वर्गात विचारली तर मुले एकमेकांकडे पाहतात. म्हणून थोडक्यात सांगतो. १८३९ सालचा जन्म. घरची गरिबी. मुलगा लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला, तो खिळे घासायला. पगार दरमहा दोन रुपये. खिळे म्हणजे छपाईचे टाइप. साच्यातून पडलेल्या खिळ्याच्या कडा खरखरीत असतात, त्या दगडावर घासून गुळगुळीत करायच्या, दिवसभर, बोटांची साले निघेपर्यंत. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम हे देवनागरी अक्षरांचे मोठे जाणकार होते. त्यांच्या हाताखाली, आणि मग आणखी दोनतीन छापखान्यांत नोकऱ्या करीत, या मुलाने सगळी विद्या डोळ्यांनी टिपून घेतली. १८६४ साली त्याने स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि मग पाच वर्षांनी, १८६९ साली, निर्णयसागर छापखाना.

आधी अक्षर आणि मग छापखाना हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिली पाच वर्षे जावजींचा धंदा अक्षरे तयार करून दुसऱ्यांना विकण्याचा होता. राणोजी रावजी आरू हे त्यांचे स्नेही आणि सहकारी. पोलादाच्या सळईच्या टोकावर उलटे अक्षर कोरण्याचे काम त्यांचे. हे काम कसे चाले ते समजून घेण्याजोगे आहे. सळईचे टोक जेमतेम करंगळीच्या नखाएवढे. त्यावर कानशीने आणि टाकीने अक्षर उठवायचे, तेही आरशात दिसावे तसे. मग पोलाद तापवून, पाण्यात बुडवून कडक करायचे, आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे. तांब्यात जो खड्डा पडला तो मातृका. ती साच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की एक खिळा पडला. असा एकेका अक्षराचा, एकेका आकाराचा पंच.

इंग्रजीला यात सव्वीस मोठी अक्षरे, सव्वीस छोटी, आकडे आणि विरामचिन्हे एवढे पुरते. आपली गोष्ट वेगळी. आपले अक्षर एकटे राहतच नाही. त्याच्या डोक्यावर मात्रा बसते, पायाशी उकार लोंबतो, मागून वेलांटी मिठी मारते, आणि दुसरे अक्षर भेटले की दोघे मिळून तिसरेच रूप घेतात. 'क' आणि 'ष' यांनी मिळून 'क्ष' होताना दोघांचीही ओळख पुसली जाते. त्यामुळे मराठी जुळाऱ्यापुढची खिळ्यांची घरे इंग्रजी जुळाऱ्याच्या कित्येक पट. १९०४ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी ही संख्या छाटून १९० वर आणण्याची योजना केली होती. राजकारण, गणित आणि गीतेचा अर्थ यांत गुंतलेल्या माणसाला खिळ्यांची मोजदाद करायला वेळ कसा मिळाला, हे कोडे आहे. पण वर्तमानपत्र चालवणाऱ्याला खिळे मोजावेच लागतात.

कोलभाट गल्लीतून निघून मी पायीच गिरगावाकडे वळतो. वाटेत कांदेवाडी लागते. तिला आता खाडिलकर मार्ग म्हणतात, नाटककार आणि 'नवाकाळ'कर्ते कृ. प्र. खाडिलकर यांच्या नावावरून. सगळा रस्ता लग्नपत्रिकांच्या दुकानांनी भरलेला. काचेमागे गणपती आणि त्याखाली शेकडो मुलामुलींचे चि. आणि चि. सौ. कां. टांगलेले असतात. लोक येथे कागद पाहतात, सोनेरी रंग पाहतात, गणपतीची सोंड कुठल्या बाजूला आहे ते तर डोळ्यांत तेल घालून पाहतात. मी अक्षर पाहतो. 'विवाह' शब्दाची पहिली वेलांटी कोठे टेकली आहे, 'श्रीकृपेकरून'मधला 'श्री' नीट उभा आहे की पाय घसरल्यासारखा दिसतो आहे. दुकानदाराला वाटते की या गृहस्थाच्या घरी मुलगी लग्नाची असावी. तो चहा मागवतो. मी नाही म्हणत नाही.

कांदेवाडी ओलांडून पुढे एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मला जायचे असते. आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन बी. ए. झालेली एक विद्यार्थिनी तेथे अक्षरे पाडते. बी. ए. नंतर ती मुंबईला आली, अक्षररचना शिकली, काही वर्षे एका कंपनीत नोकरी केली, आणि मग आजोबांच्या पागडीच्या दोन खोल्यांत स्वतःचा व्यवसाय मांडला. बाहेरच्या खोलीत तीन टेबले, तीन संगणक, एक छपाईयंत्र. आतल्या खोलीत मोरी, ओटा आणि छतापर्यंत रचलेली जुनी पुस्तके. शेजारच्या काकू आठवड्यातून दोनदा डोकावून विचारतात, "अगं, पण तुमचं दुकान नक्की कसलं गं?" तिने अनेकदा सांगून पाहिले. शेवटी काकूंनी स्वतःच निकाल लावला, "म्हणजे बोर्ड रंगवता तुम्ही." आता सबंध चाळीत तेच रूढ आहे.

खरे म्हणजे काकूंचे फारसे चुकलेले नाही. पूर्वी अक्षर डोळ्यांनी पाहून, हाताने काढले जाई. आजही तसेच निघते, फक्त पोलादाच्या जागी पडदा आला. ती प्रथम बोरूने किंवा सपाट निबाने कागदावर अक्षर लिहिते. ते पडद्यावर घेते आणि त्याच्या कडेवर बिंदू ठेवीत ठेवीत वळण पक्के करते. सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड अशी दोन टोकांची रूपे काढली की मधली रूपे यंत्र हिशेबाने काढून देते. मात्र दोन्ही टोके हातानेच काढावी लागतात, आणि मराठीसाठी एकेका टोकाची साताठशे चिन्हे. नुसत्या पहिल्या वेलांटीचे डझनभर प्रकार. कारण ती अक्षराच्या आधी उभी राहते, पण तिची कमान अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचली पाहिजे. 'मि'ची कमान वेगळी, 'त्स्नि'ची वेगळी. एकच कमान सगळीकडे वापरली तर ती कोठे आखूड पडते, कोठे शेजारच्या घरात डोकावते.

या कामात माझा स्वार्थ आहे तो 'ऱ्य'चा. ज्याच्या गावाचे नाव सातारा आहे त्याला हे दुःख समजेल. 'सातारा'ला विभक्ती लावली की 'साताऱ्याचा' होते, आणि तो अर्धा चंद्रकोरीसारखा 'र' छापला जाण्याऐवजी पुष्कळदा 'या'च्या डोक्यावर रफार चढून बसतो. म्हणजे आम्ही 'सातार्याचे' होतो. हा केवळ गावाचा अभिमान नव्हे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर शास्त्रीबुवा यायचे आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर जिलबी तळणारे. एका रेघेचा फरक, पण लग्नघरात तो केवढा महत्त्वाचा! शेजारच्या हिंदीला या रेघेची गरज पडत नाही. म्हणून ज्यांनी हिंदीपुरता विचार करून देवनागरी अक्षरे काढली, त्यांच्या कपाटात हा खिळा कधी नसतो, कधी असून वेडावाकडा असतो. आणि कधी तो उत्तम असतो, पण टंकलिहिणाराच तो उचलत नाही. तिसऱ्याला काय करणार?

'ल' आणि 'श' यांचेही असेच. आपला 'ल' पाकळीचा, आपला 'श' देठाचा. २००९ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली, त्यात ही रूपे आहेत. पण सगळ्या जगाने मान्य केलेल्या युनिकोडमध्ये मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा क्रमांक एकच. अक्षर काढणाराने दोन्ही रूपे आपल्या संचात ठेवायची आणि मजकूर मराठी आहे असे यंत्राला कोणीतरी सांगितले तर मराठी रूप पुढे करायचे, अशी व्यवस्था आहे. ते सांगणारे 'कोणीतरी' बहुधा जेवायला गेलेले असते. तेव्हा मूळचे, म्हणजे हिंदीचे, रूप छापले जाते. मराठी शाळेतले मूल पुस्तकात एक 'ल' गिरवते आणि आईच्या फोनवर दुसराच पाहते. यातून आकाश कोसळत नाही, हे मी मान्य करतो. पण एखाद्या भाषेची वळणे हट्टाने जपणारे कोणी उरलेच नाही, तर ती बंदी न घालताही जातात.

असे हट्टी लोक मुंबईत नेहमीच निघाले, हे या शहराचे भाग्य. र. कृ. जोशी हे त्यांतले मोठे नाव. १९३६ ते २००८. कवी, जाहिरातक्षेत्रातले कलावंत आणि पवईच्या आय. आय. टी.त अक्षरांचे अध्यापक. विंडोज वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने त्यांचे अक्षर वाचले आहे, कारण 'मंगल' त्यांनी काढला. किती परिपत्रके, किती बदल्यांचे हुकूम, किती प्रश्नपत्रिका त्या अक्षरात निघाल्या असतील! ते कोणाचे म्हणून विचारले तर हजारांत एकाला सांगता येणार नाही. पुढे 'एक टाइप' या मुंबईतल्याच मंडळींनी 'मुक्त', 'बलू', 'मोदक' अशी अक्षरे काढली. 'मोदक' तर असा गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळजवळ नाहीशीच झाली आहे. तो पाहून हसू आल्यावाचून राहत नाही. २०२२ साली त्यांचा 'अनेक' आला, नऊ भारतीय लिप्या आणि रोमन यांचा एकत्र संसार. ही अक्षरे गूगलच्या संग्रहातून कोणालाही फुकट मिळतात. काढणाऱ्याला मोबदला एकदा मिळतो, वापरणाऱ्याला काही द्यावे लागत नाही.

ही सोय चांगलीच आहे. शाळेच्या हस्तलिखितापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत नीटस अक्षर पोचले ते त्यामुळे. पण एक गोष्ट या खोलीत बसल्यावर लक्षात येते. फुकटाची सवय लागलेला प्रकाशक अक्षराला किंमत असते हेच विसरून गेला आहे. ही मुलगी चार वर्षे एक वाचनाचे अक्षर काढते आहे. जाहिरातीचे नव्हे, फलकाचे नव्हे. कादंबरीचे, साडेतीनशे पाने डोळ्यांना न टोचता वाचता येईल असे, बारीक आकारातही ज्याची जोडाक्षरे गुदमरणार नाहीत असे. अशा अक्षराला मागणी कोणाची? मराठी प्रकाशकाची. आणि तो काय म्हणतो? एकाने पाने हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, खरोखर आनंदाने वाचली आणि म्हणाला, "फार सुरेख हो. हे फुकटातल्यात कधी येणार?"

मी तिला म्हटले, "मग तुमचं चालतं कशावर?"

ती हसली. "सर, जावजी दादाजींचं तरी नुसत्या खिळ्यांवर चाललं का? पंचांग होतंच की त्यांचं. हे आमचं पंचांग." तिने पडदा माझ्याकडे फिरवला. एका मोठ्या कंपनीने आपल्या नावाचे स्वतंत्र अक्षर मागवले होते. इंग्रजीत होतेच, त्याला शोभेलसे देवनागरी हवे. काम तीन महिन्यांचे, पैसा बरा, आणि मुदत अर्थात कालची. त्या पैशावर पुढचे चार महिने वाचनाचे अक्षर पुढे सरकणार.

तिचे बोलणे मी पुष्कळ वेळ मनात घोळवीत होतो, कारण ते इतिहासाला धरून आहे. निर्णयसागरची पंचांगे घरोघर भिंतीला टांगली गेली. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक निघू लागले ते जावजींकडूनच. आणि मग १८८६ पासून 'काव्यमाला', जिच्या संस्कृत ग्रंथांनी देशोदेशींच्या पंडितांची कपाटे भरली. खपणाऱ्या गोष्टींनी न खपणाऱ्या गोष्टींना खांदा दिला. पण जावजींपाशी छापखाना होता. अक्षर त्यांचे, कागद त्यांचा, पुस्तकही त्यांचे. हिच्यापाशी अक्षर तेवढे आहे. ते एकदा तारेवरून गेले की कोणाकोणाच्या यंत्रात उतरते याचा पत्ता नाही. शिशाचा खिळा चोरायचा तर पोते पाठीवर घ्यावे लागे. हा खिळा खिशातल्या काडीएवढ्या वस्तूत मावतो, आणि तो उचलणाराला आपण काही उचलले असे वाटतही नाही.

गेल्या वर्षी तिचा एक जोडीदार बंगळूरला नोकरीला गेला. भांडण झाले नाही. त्याला घर घ्यायचे होते. ज्या तिसऱ्या टेबलावर तो बसे तेथे आता कागदांची चळत आहे. तिलाही एका परदेशी कंपनीचे बोलावणे आले आहे. पगार असा की तो ऐकून मी विषय बदलला. शिवाय चाळ पाडून मनोरा बांधायचे घाटते आहे. चाळकऱ्यांच्या सह्या होत आल्या. जागा मिळेल तेव्हा मिळेल, पण मधली वर्षे भाड्याच्या जागेत काढायची, आणि मुंबईत तीन टेबले मांडण्याचे भाडे एका अक्षराच्या कमाईतून निघत नाही. पागडीच्या खोलीमुळे ही अक्षरशाळा आजवर उभी राहिली, हे तिने कधी लपवले नाही. "कंपनीला दिवाळीनंतर कळवायचं आहे," एवढेच ती म्हणाली. मी सल्ला दिला नाही. बदली न होणाऱ्या, दर महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या माणसाने दुसऱ्याला स्वतंत्र व्यवसायाची महती सांगू नये, एवढी लाज आमच्या पेशात अजून आहे.

त्याऐवजी मी माझ्या पिशवीतून वही काढली. मागच्या खेपेला तिने माझ्याकडे शब्द मागितले होते, अक्षरांची परीक्षा घेणारे अवघड शब्द. मराठीच्या प्राध्यापकाला यापेक्षा आनंदाचे काम कोणते? वाङ्मय, उद्ध्वस्त, ज्योत्स्ना, सूक्ष्म, तुऱ्याला, शास्त्रदृष्ट्या, ब्राह्मण, चिन्ह, मल्लविद्या, कोऱ्या. दोन महिन्यांत तीनशे शब्द जमले होते. तिने ते तिच्या अक्षरात छापून काढले, आणि आम्ही दोघे चाळीच्या सज्जात उजेडाला उभे राहून वाचू लागलो. खाली क्रिकेट चालले होते. काकूंनी लाडूंची ताटली आणून कठड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "बोर्डवाली परीक्षा घेतात वाटतं तुमची?"

'वाङ्मय'मध्ये 'ङ'चा टिंब बारीक आकारात 'म'ला चिकटत होता. मी बोट ठेवले. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, "हो, चिकटतोय," असे पुटपुटली आणि आत गेली. पडद्यावर टिंब केसभर वर उचलला, 'म'चा खांदा किंचित मागे घेतला, पुन्हा छापले. आता दोघे आपापल्या जागी होते. असे सहा शब्द निघाले. 'साताऱ्याचा' मात्र पहिल्याच खेपेला सुरेख उमटला होता. ती रेघ अशी वळलेली की पाहतच राहावे. ते मी बोललो नाही. अंधार पडू लागला, माझी गाडीची वेळ झाली.

निघताना तिने बारा पाने हातात ठेवली. "एवढी घरी वाचा सर. वाचताना कुठे अडखळलात तर नुसती खूण करा. का अडखळलात ते मी शोधते." गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली तोवर चार पाने वाचून झाली होती. तिसऱ्या पानावर 'ट्ठ'पाशी मी तांबडी खूण केली.